ती चौकट नाझरेथची नव्हे

या वर्षी पावसाळा लागण्यापूर्वी लोणावळ्यातील एका साधनागृहात आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांसाठी दोन दिवसांचे शिबिर झाले. वक्ते बाहेरगावचे होते. वाचन बरे होते, बोलण्यात गोडवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पडद्यावर एक चित्र दाखवले. लाकडी घर, भिंतीतली पेटती शेगडी, तिच्याजवळ सुईदोरा घेऊन बसलेली सतेज गृहिणी, पायाशी तीन मुले, मेजावर जाडजूड बायबल आणि दारातून आत येणारा पती. हे अमेरिकेच्या आरंभकाळातील ख्रिस्ती घर आहे, असे सांगून ते म्हणाले, की परमेश्वराने स्त्रीला नेमून दिलेली जागा ती हीच. ती सोडून स्त्री कारखान्यात आणि कचेरीत गेली आणि कुटुंब मोडले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच स्त्रियांनीही वाजवल्या. मागल्या रांगेतील दोघीजणी मात्र व्याख्यान अर्ध्यावर टाकून उठल्या. साडेअकराच्या आत त्यांना बंगल्यांवर कामाला पोहोचायचे होते.

मी त्या दिवशी गप्प बसलो. पाहुण्यांचा उपमर्द होऊ नये, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली; पण ती सबब होती. खरे कारण असे, की हेच विचार मी स्वतः पंधरा वर्षे विवाहपूर्व वर्गांत सांगत आलो होतो. अमेरिकेचे चित्र माझ्यापाशी नव्हते एवढेच. आता ते चित्र मोबाईलवरही घरोघर पोहोचते. पांढरे एप्रन बांधून पाव भाजणाऱ्या तरुण अमेरिकन गृहिणी आमच्या मुली पाहतात, आणि त्यांच्याहून अधिक आवडीने आमचे विवाहेच्छू तरुण पाहतात. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडणे मला भाग आहे.

प्रथम त्या चित्राकडे पाहू. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळातले, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातले सामान्य घर हे विसाव्याचे स्थान नव्हतेच. तो एक कारखाना होता. लोकर पिंजणे, सूत कातणे, साबण शिजवणे, मेणबत्त्या ओतणे, लोणी-चीज करणे, मांस खारवणे, परसात भाजी पिकवणे ही सारी कामे तिथे होत, आणि त्यांतील बहुतेक स्त्रीच्या अंगावर असत. पुरुषाचे शेतही त्याच उंबऱ्याला लागून असे. 'घर' एकीकडे आणि 'काम' दुसरीकडे, ही विभागणी त्या लोकांना समजलीही नसती. मेन प्रांतातील मार्था बॅलर्ड नावाच्या सुईणीची रोजनिशी आज उपलब्ध आहे. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे तिने ती लिहिली. या काळात तिने आठशेहून अधिक बाळंतपणे केली. रात्री-अपरात्री, बर्फातून, गोठलेल्या नदीवरून ती बाई दुसऱ्यांच्या घरी जात होती, आणि तिची मोबदल्याची नोंद चोख आहे. जॉन ॲडम्स राष्ट्रकार्यासाठी वर्षानुवर्षे घराबाहेर राहिले, तेव्हा त्यांची शेती, कुळे, देणी-घेणी त्यांची पत्नी ॲबिगेल पाहत होती. शेगडीजवळची ती सतेज मूर्ती या स्त्रियांत मला कुठे दिसत नाही.

आमच्या मावळातील वाचकांना हे समजायला पुस्तकाची गरज नाही. आषाढात पवनेच्या किंवा इंद्रायणीच्या खोऱ्यात जाऊन पाहावे. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, गुडघाभर चिखल, आणि आवण लावणारी वाकलेली रांग कुणाची? ती बाई सायंकाळी परत येऊन चूल पेटवते, आणि जनगणनेचा कारकून दारात आला की तिचा नवरा सांगतो, "ती घरीच असते."

मग चित्रातले घर कधी जन्माला आले? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. न्यू इंग्लंडमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, कापड विकत मिळू लागले, व्यापारी आणि वकिलाचे काम घरापासून दूर पेढीत आणि कचेरीत गेले. शहरातल्या सुखवस्तू पुरुषाची पत्नी घरात राहिली, आणि तिच्या या राहण्याला तत्त्वज्ञान लागले. पुरुषाचे जग कठोर, बाजारी आणि पापी. स्त्रीचे जग शांत, पवित्र आणि धार्मिक. मासिके, उपदेशपर पुस्तके आणि प्रॉटेस्टंट पाळकांची प्रवचने यांनी ही शिकवण घराघरांत नेली. ती ऐकायला गोड होती. स्त्रीला देव्हाऱ्यात बसवणारी शिकवण गोडच असते. देव्हाऱ्यातील मूर्तीच्या नावावर मालमत्ता नसते, ही त्यातली गोम. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार विवाहित स्त्रीची मजुरीसुद्धा पतीची होती. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नव्हता. न्यू यॉर्क राज्यात विवाहितेला तिच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा झाला तो १८४८ साली. याहून विलक्षण गोष्ट न्यू जर्सी राज्याची. १७७६च्या घटनेने तिथे मालमत्ता असणाऱ्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांना मतदान करता येत होते, आणि त्या करीतही होत्या. १८०७ साली तो अधिकार काढून घेण्यात आला. ज्याला आपले वक्ते 'मूळ परंपरा' म्हणतात, ती अशी उशिरा आणि काहीएक हिरावून घेऊन आली आहे.

या शिकवणीच्या प्रचारक कोण होत्या, हेही पाहण्यासारखे आहे. कॅथरीन बीचर यांचा गृहव्यवस्थेवरील ग्रंथ १८४१ साली निघाला आणि त्या विषयाचा प्रमाणग्रंथ ठरला. बीचरबाईंचा वाग्दत्त वर जहाज फुटून मरण पावला. त्यांनी लग्न केले नाही. हार्टफर्डला मुलींची शाळा काढली, गावोगाव व्याख्याने दिली, निधी गोळा केला. दुसऱ्या साराह जोसेफा हेल. पाच मुले पदरात असताना त्यांना वैधव्य आले. पोटासाठी त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १८३७ ते १८७७ अशी चाळीस वर्षे त्या काळच्या सर्वांत खपाच्या स्त्रीमासिकाचे संपादन केले. घर हेच स्त्रीचे राज्य, असे जन्मभर सांगणाऱ्या या दोघी जन्मभर घराबाहेरच्या कामावर जगल्या. त्यांची थट्टा करावी असे मला वाटत नाही. त्यांच्या कर्तबगारीपुढे मी नम्रच होतो. पण त्यांचा उपदेश आणि त्यांचे चरित्र यांतले कोणते प्रमाण मानावे, हे त्यांच्या चाहत्यांनी ठरवायला हवे.

आणि त्या शांत, पवित्र घरात पाणी कोण भरत होते? दक्षिणेत गुलाम स्त्रिया, ज्यांचा विवाह कायदा विवाह म्हणून मानतच नव्हता, आणि ज्यांची मुले मालक विकू शकत होता. उत्तरेत, विशेषतः १८४५नंतरच्या आयर्लंडमधील दुष्काळानंतर, आयरिश मुली. म्हणजे आपल्या कॅथोलिक मुली, वाचकहो. बॉस्टन आणि न्यू यॉर्कच्या सुखवस्तू घरांतून मोलकरणी बहुसंख्येने त्याच होत्या. पहाटे शेगडी पेटवणारे हात त्यांचे होते; चित्रात त्या नाहीत. कमावलेल्या पैशातून त्यांनी मायदेशी आईबापांना जगवले, भावंडांची तिकिटे काढली, आणि अमेरिकेतील कितीतरी कॅथोलिक मंदिरांच्या विटांत त्यांची नाणी आहेत. त्यांच्या मालकिणीला 'गृहलक्ष्मी' होता आले, कारण या घर सोडून सातासमुद्रापार आल्या होत्या.

लोणावळ्या-खंडाळ्याला हे नवे नाही. इथल्या बंगल्यांतून गोव्याच्या, मंगळूरच्या, वसईकडच्या आणि नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेल्या ख्रिस्ती बायकांनी आया आणि स्वयंपाकिणी म्हणून पिढ्या काढल्या. आज धुळवड असो की नाताळची सुटी, शहरातले कुटुंब 'कौटुंबिक सहवासा'साठी बंगल्यावर येते, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील दहा-बारा बायकांना आपल्या मुलांना शेजारणीच्या स्वाधीन करून त्या सहवासाची भांडी घासावी लागतात. शिबिरातून उठून गेलेल्या दोघी त्यांपैकीच. स्त्री बाहेर पडल्याने कुटुंब मोडते, हे त्यांना ऐकवले गेले ते त्यांच्याच देणगीतून भाड्याने घेतलेल्या सभागृहात.

त्या काळच्या अमेरिकेतले कॅथोलिक जीवन कसे होते, याचाही आपल्या वक्त्यांना विसर पडला असावा. मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे उर्सुलाइन भगिनींचा मठ आणि मुलींची शाळा होती. ऑगस्ट १८३४मध्ये प्रॉटेस्टंट जमावाने ती रात्रीतून जाळली. भगिनींना तिथे डांबून ठेवले जाते, अशा कंड्या पिकवण्यात आल्या होत्या. पती नाही, मूल नाही, आणि तरी स्त्रिया एकत्र राहून शाळा चालवतात, यामागे काहीतरी काळेबेरे असलेच पाहिजे, असे त्या 'ख्रिस्ती घरां'तून आलेल्या लोकांना वाटत होते. त्याच अमेरिकेत पाच मुलांची विधवा आई एलिझाबेथ ॲन सीटन १८०५ साली कॅथोलिक झाली, नातलगांचा रोष तिने पत्करला, एमिट्सबर्गला शाळा काढली, व्रतस्थ भगिनींचा संघ स्थापला. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी तिला संतपद दिले. अमेरिकेत जन्मलेली ती पहिली संत. आरंभीच्या अमेरिकेतून आदर्श ख्रिस्ती स्त्री आणायचीच होती, तर ही पडद्यावर का आली नाही?

हाच प्रश्न मला लोणावळ्याच्या स्टेशनावर उभे असताना पडतो. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा ठेका घेतलेला इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल परतीचे जहाज पकडती तर कुणी नाव ठेवले नसते. तिने ठेका आपल्याकडे ठेवला, पतीच्या अनुभवी माणसांच्या हाती रोजची व्यवस्था दिली आणि काम तडीस नेले. इंग्लंड-अमेरिकेत गृहिणीधर्माची पुस्तके हातोहात खपत होती तीच ही वर्षे. घाटात हजारो मजूर राबत होते, साथीच्या रोगांनी मरत होते, आणि त्यांत डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकाही होत्या. ठेकेदारीण आणि घमेलेवाली यांच्या दैवात जमीन-अस्मानाचे अंतर होते, हे खरे. पण मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबवत्सल प्रवाशाचा डबा या दोघींच्या कामावरून जातो.

अमेरिकन गृहिणीचा आदर्श महाराष्ट्रात आणला तो मिशनऱ्यांनी, असे म्हणतात. त्यातही गंमत आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आली. शिक्षिका म्हणून परदेशी पाठवल्या गेलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी ती एक. पुढे ती अहमदनगरला गेली; १८६२ साली तिथेच तिचा अंत झाला. जोतीराव फुल्यांनी तिची नगरची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. शिवणटिपण तीही शिकवीत असेल. पण समुद्र ओलांडून एकटी आलेली बाई वर्गात उभी आहे, हे त्या मुलींनी रोज पाहिले.

पंडिता रमाबाई आपल्या संप्रदायाच्या नव्हत्या. तरी या विषयावर मराठीत पहिला शब्द त्यांचा आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अडीच-पावणेतीन वर्षे अमेरिका फिरल्या, आणि १८८९ साली त्यांनी तेथील लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्त्रियांच्या स्थितीवर दीर्घ, स्वतंत्र प्रकरण आहे. शेगडीजवळच्या गृहिणीचे स्तोत्र त्यात नाही. स्त्रियांनी शिक्षण, धंदे आणि संस्था कशा झगडून मिळवल्या, याचा तो वृत्तांत आहे. परत येऊन बाईंनी काय केले? केडगावला मुक्ती सदनात त्यांनी टाकलेल्या, दुष्काळात सापडलेल्या, विधवा झालेल्या मुलींच्या हाती छापखाना, हातमाग, तेलघाणा आणि शेती दिली. अमेरिकेहून उचलण्याजोगे काय, हे त्यांना आमच्या वक्त्यांपेक्षा सव्वाशे वर्षे आधी कळले होते.

आता पवित्र शास्त्राकडे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्री आपण विवाहाच्या मिस्सात वाचतो, आणि बहुधा न ऐकताच वाचतो. ती शेत पारखून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रे विणून व्यापाऱ्यांना विकते. फिलिप्पैमध्ये संत पौलाला आसरा देणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांची व्यापारी होती. तिचे घर तिच्या व्यापाराच्या जोरावर उभे होते, म्हणून तर तिथे प्रेषितांना जागा मिळाली. प्रिस्किल्ला पतीच्या बरोबरीने तंबू शिवत होती. गालीलातल्या ज्या स्त्रिया येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या, त्या स्वतःच्या पैशाने त्याची आणि शिष्यांची व्यवस्था पाहत होत्या, असे लूक सांगतो. आणि नाझरेथ? देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया डोंगराळ मुलखातल्या एलिझाबेथकडे घाईने निघाली, असे शुभवर्तमान सांगते. ती शेगडीपाशी बसून राहिली, असे कुठेही सांगत नाही. त्या घरात सुताराचे काम आणि दळणकांडण एकाच छपराखाली चालले असणार. ते मावळातल्या घरासारखे घर होते. बॉस्टनच्या दिवाणखान्यासारखे नव्हते.

माझे धर्मगुरू बंधू इथे मला १८९१चे 'रेरुम नोवारुम' दाखवतील. दाखवावेच. पोप तेरावे लिओ यांनी त्यात स्त्री ही स्वभावतः गृहकृत्यांस योग्य आहे, असे म्हटले आहे. ते मी झाकून ठेवणार नाही. पण ते कुणाविषयी लिहीत होते, हेही वाचावे. गिरण्यांतून आणि खाणींतून बायकामुलांना पिळून काढणाऱ्या मालकांशी ते बोलत होते. पुढे १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कुटुंबविषयक उपदेशपत्रात स्त्री-पुरुषांची समान प्रतिष्ठा स्त्रीला सार्वजनिक कार्याचे दार पूर्णपणे उघडते, असे स्पष्ट केले, आणि त्याचबरोबर घरातल्या कामाला कमी लेखू नका, असेही बजावले. १९९५ साली जगातील स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी चर्चच्या अनेक सुपुत्रांच्या हातून स्त्रियांवर झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला. त्या सुपुत्रांत मी आहे की नाही, हे मला ठरवावे लागले.

पंधरा वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. ती एका कारखान्यात वेष्टनाच्या कामावर होती, कायम होण्याच्या बेतात होती. घरी यायला उशीर होतो म्हणून तो रोज भांडत होता. मी दोघांना बसवले, तासभर बोललो, आणि घराच्या शांतीसाठी तिने नोकरी सोडावी, असे सांगितले. उशीर होतो तर भात तू का टाकीत नाहीस, हे त्याला विचारण्याचे मला सुचले नाही. तिने नोकरी सोडली. चार वर्षांनी तो अपघातात अंथरुणाला खिळला. ती मदत मागायला आली तेव्हा तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "फादर, आता वय बसत नाही म्हणतात. तेव्हा सुटली ती सुटली." तेव्हापासून ती दोन बंगल्यांवर जाते. शिबिरातून उठून गेलेल्या दोघींपैकी एक तीच.

घराला मान द्या, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मीही तेच म्हणतो. पण मान देणाऱ्यांनी काही द्यावे तर! द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, आणि मावळातल्या गुंठ्यागुंठ्याला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून माझ्या कचेरीत एक कागद वरचेवर येतो: हक्कसोडपत्र. भाऊ घेऊन येतो, बहीण खाली मान घालून शेजारी बसते, आणि फादरांनी दोन शब्द सांगावेत, अशी अपेक्षा असते. आपल्याला लागू असलेल्या १९२५च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा आहे. हे बहुतेक बहिणींना ठाऊक नसते, आणि ज्या भावांना ठाऊक असते तेच कागद घेऊन येतात. 'तू घराची लक्ष्मी' असे जिला जन्मभर सांगितले, तिचे घर नेमके कोणते? माहेरचे भावाचे, सासरचे नवऱ्याचे. स्त्रीचे राज्य म्हणून ज्याची स्तुती शिबिरात झाली, त्या राज्याच्या सातबारावर तिचे नाव शोधून पाहा.

कुणी म्हणेल, फादर, नोकरी करणाऱ्या बायकांची घरेही मोडलेली आम्ही पाहिली आहेत. मीही पाहिली आहेत. दारूने मोडलेली पाहिली, कर्जाने मोडलेली पाहिली, सासूने मोडलेली पाहिली. बायकोच्या पगारामुळे मोडलेले म्हणून जे घर मला दाखवण्यात आले, तिथे बहुधा तो पगार कुणाच्या हाती जावा, यावरून ते मोडलेले होते.

माझ्या कचेरीत आता हक्कसोडपत्रावर सही होत नाही. ज्यांना करायची त्यांनी बहिणीला वकिलाकडे न्यावे आणि तिचा वाटा किती, हे तिला आधी सांगावे. दोन भावांनी यावरून माझ्याविषयी वर तक्रार केली आहे. विवाहपूर्व वर्गाच्या पुस्तिकेत 'पत्नीची कर्तव्ये' म्हणून जे पान होते, ते मी काढून टाकले आहे. त्या जागी घरखर्च, बँकेचे पासबुक, वारसाहक्क आणि घरकामाची वाटणी असा धडा ठेवला आहे. तो मी शिकवत नाही. बंगल्यावर जाणाऱ्या त्या बाईंना मी विनंती केली. दोन महिने त्या नाही म्हणत होत्या, आता तयार झाल्या आहेत. त्यांची एकच अट होती. वर्ग रविवारी ठेवू नका, रविवारी बंगल्यांवर पाहुणे असतात. म्हणून या वेळचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आहे.